ॲनिमोनीसाठी फिल्टर निवडताना

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार. खाऱ्या पाण्याच्या टँकला कॅनिस्टर (बाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) घ्यावा की संप (टँकखाली ठेवायची फिल्टरची दुसरी टाकी) करावा, हा तुझा प्रश्न टँकची ऑर्डर देण्याआधीच सुटायला हवा, कारण काचेला भोक पाडायचं की नाही ते त्यावर ठरतं. टफन्ड काचेला नंतर भोक पाडता येत नाही, ती फुटते. ॲनिमोनी, म्हणजे दगडाला पाय चिकटवून राहणारा समुद्री जीव, ठेवायचा असेल तर माझं मत संप आणि प्रोटीन स्किमर असंच आहे.

कॅनिस्टर वाईट नाही. पण त्याच्या स्पंजात अडकलेली घाण पाण्याबाहेर जात नाही. तिच्यावरून पाणी वाहत राहतं, ती आत कुजते आणि नायट्रेट वाढतं. गोड्या पाण्यात ते झाडं खाऊन टाकतात, इथे ती सोय नाही. स्किमर सेंद्रिय मळ कुजायच्या आधीच फेसातून कपात गोळा करतो आणि पाण्यात प्राणवायूही भरपूर मिसळतो. शिवाय वीज जाते तेव्हा बंद डब्यातला प्राणवायू संपून आतले घाण पचवणारे जिवाणू मरू लागतात, आणि वीज आल्यावर ते सडकं पाणी थेट टँकमध्ये येतं. म्हणून जागेअभावी कॅनिस्टरच घ्यावा लागला तर तो दर आठवड्याला धू, जोडीला मागे टांगायचा स्किमर लाव, आणि दोन-तीन तास वीज गेली असेल तर कॅनिस्टर उघडून धुतल्याशिवाय सुरू करू नकोस.

आता संपचा हिशेब. तुझा टँक ३ फूट × दीड × दीड, म्हणजे साधारण १९० लिटर. पंप बंद पडला की रिटर्न पाइपाच्या (संपमधलं पाणी टँकमध्ये परत नेणाऱ्या) तोंडापर्यंतचं पाणी सायफनने खाली येतं. या टँकमध्ये पाण्याचा एक सेंटिमीटर थर म्हणजे जवळजवळ ४.२ लिटर. तोंड पृष्ठभागाखाली ३ सेंमी असेल तर साडेबारा लिटर, वर पाइपांतलं आणि ओव्हरफ्लोमधलं (टँकचं पाणी खाली सोडणाऱ्या कप्प्यातलं). संपमध्ये किमान २० लिटर जागा रिकामी राहिलीच पाहिजे. सायफन तोडायला पाइपाला बारीक भोक पाडतात, पण ते शेवाळाने बुजतं, त्यामुळे हिशेब ते नाहीच असं धरून कर.

खाली येणारे पाइप दोन ठेव, एक नेहमीचा आणि एक इमर्जन्सी, त्याचं तोंड थोडं वर. ॲनिमोनी एका जागी राहत नाही, सरकत चालतो. तो ओव्हरफ्लोच्या फटीतून आत शिरला आणि पाइपात बसला, तर पाणी हॉलमध्ये येईल. फटींवर जाळी लावच, तरीही दुसरा पाइप हवाच.

रिटर्न पंप तासाला टँकच्या पाचपट, म्हणजे हजार लिटर पुरे. पण डब्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. सव्वा मीटर उंच पाणी चढवताना बरेच पंप निम्म्यावर येतात, म्हणून डब्यावरचा आलेख पाहून घे. स्किमर ३०० ते ४०० लिटरच्या टँकसाठीचा घे आणि असा कप्पा दे जिथे पाण्याची पातळी हलत नाही. पातळी वर-खाली झाली की कधी फेस येतच नाही, कधी कप उतू जातो. नवा स्किमर पहिला आठवडा-दोन आठवडे नीट चालत नाही, तेवढा धीर धर. फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) दर तीन-चार दिवसांनी बदल, नाहीतर त्याचाही कॅनिस्टरच होतो. ॲक्टिव्हेटेड कार्बन पिशवीत घालून ठेव, महिन्याने बदल. बायोबॉल (जिवाणूंसाठीचे प्लॅस्टिकचे गोळे) आणि वाळूखालचा फिल्टर नकोतच, दोन्हींत घाण साचून राहते.

जिवाणूंचं खरं घर म्हणजे दगड. समुद्रातून काढलेला ‘लाइव्ह रॉक’ (जिवाणू आणि बारीक जीव वाढलेला दगड) कुणी देऊ केला तर घेऊ नकोस. तो बहुतेक वेळा प्रवाळाचा असतो, आणि दगड बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरचा तुकडाही त्यातच आला. सिरॅमिकचे सच्छिद्र दगड वापर. वरच्या भागात मुठीएवढ्या खोल खाचा ठेव, ॲनिमोनीला पाय लपवायला त्याच लागतात. मग अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमवर आण. तो आणि नायट्राइट दोन्ही चोवीस तासांत शून्यावर येऊ लागले की सायकल, म्हणजे अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंची वाढ, पूर्ण झाली. चार ते सहा आठवडे धर. त्यानंतर क्लाउनफिश आण, पण ॲनिमोनी सहा महिने तरी नाही. कोवळ्या टँकमध्ये क्षारता (पाण्याचा खारेपणा) आणि नायट्रेट सारखी हलतात, आणि मासा जे सोसतो ते ॲनिमोनी सोसत नाही.

पाणी आरओ-डीआयचंच (आरओनंतर डीआय रेझिनमधून गेलेलं), टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरमध्ये टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं, म्हणून मेम्ब्रेनमधून पाणी बाहेर पडतं तिथूनच थेट नळी काढ आणि तिला डीआय रेझिन जोड. क्षारता ३५ पीपीटी, तापमान २५ ते २७ अंश, अल्कलिनिटी (आम्ल पेलण्याची पाण्याची ताकद) ८ ते १० डीकेएच, नायट्रेट १० पीपीएमच्या आत. दर आठवड्याला २० लिटर पाणी बदल, त्याला ७०० ते ७५० ग्रॅम सागरी ॲक्वेरियमचं मीठ लागेल. मीठ पाण्यात घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, कॅल्शियम साका होऊन बसतो. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळव. उडालेल्या पाण्याची भर मात्र साध्या आरओ-डीआय पाण्याने, कारण मीठ उडत नाही. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत पंख्याने दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी झपाट्याने आटतं, म्हणून ऑटो टॉप-ऑफ (आटलेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) बसव. चिलर घेतलास तर तो बंद स्टँडमध्ये ठेवू नकोस, तो स्वतःचीच गरम हवा ओढत बसेल.

ॲनिमोनी बबल टिप जातीचाच घे, तोही टँकमध्ये दुभागून झालेला. कार्पेट सुंदर दिसतो, पण मासे गिळतो. मॅग्निफिका नवख्याच्या हातात क्वचितच टिकतो. घेताना तोंड घट्ट मिटलेलं, पाय न फाटलेला, शुंडके चिकट असं बघ. पांढराशुभ्र म्हणजे आतलं शैवाल गेलेला, उपाशी जीव. भडक पिवळा बहुधा रंगवलेला असतो. पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेव, मग तासभर थेंब-थेंब पाणी दे. खाचेत ठेवताना वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह करणारा पंप) बंद कर, पाय धरेपर्यंत बंदच ठेव. तो नंतर हलला तर हलू दे, ओढून जागेवर आणू नकोस. प्रकाश १०० ते २५० पारचा (पार म्हणजे शैवालाला वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप), सुरुवातीला मंद.

एक गोष्ट मात्र अजिबात टाळायची नाही. त्याला आणण्याच्या आदल्या दिवशीच प्रत्येक वेव्हमेकरला जाळी किंवा स्पंज लाव आणि हीटरला गार्ड लाव. चालता चालता तो पंख्यात ओढला जातो, त्याचे तुकडे पाण्यात पसरतात, आणि त्या विषाने व कुजण्याने उरलेला टँकही जाऊ शकतो. असं झालंच तर तुकडे काढ, नवा कार्बन घाल, निम्मं पाणी बदल, स्किमर ओला, म्हणजे पातळ फेस जास्त काढेल असा, चालव. स्पंज आठवड्याला पिळून धू, नाहीतर प्रवाह मरतो.

आठवड्यातून एकदा नखाएवढी कोळंबी दे, बाजारातली ताजी, सोललेली. सोडे नकोत, ते वाळवलेले असतात. मोठा तुकडा तो दुसऱ्या दिवशी ओकतो. दिवसातून एखाद्या वेळी तो आक्रसून तपकिरी मळ टाकतो, त्याने घाबरू नकोस. पण तोंड उघडं राहून आतलं बाहेर आलं, दिवसभर तसंच राहिलं आणि वास येऊ लागला, तर त्याच क्षणी बाहेर काढ. माशांना पांढरे ठिपके आले तर तांब्याचं औषध या टँकमध्ये घालू नकोस, ते दगडांत मुरतं आणि ॲनिमोनीला मारतं. मासे दुसऱ्या टबात हलवून तिथेच उपचार कर.

स्टँडची आतली लांबी, रुंदी, उंची आणि दाराचं माप कळव. दारातून संप आत जाईल ना, ते आधी पाहू, मग कप्प्यांची मापं लिहून पाठवतो. वेव्हमेकरला इन्व्हर्टरची लाइन मिळेल का, तेही इलेक्ट्रिशियनला आत्ताच विचारून ठेव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सतीश