टाकीमागच्या माळावर यंदा कटर फिरवणार नाही: मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

पाण्याच्या टाकीमागचा साडेतीन एकरांचा उतार आपल्या सगळ्यांच्या रोजच्या पाहण्यातला. पावसाळाभर तिथे कटर मशीन फिरतं, गवत घोट्याच्या वर येऊ दिलं जात नाही, आणि फेब्रुवारी उजाडला की तिथली धूळ आसपासच्या घरांत येते. यंदा जूनपासून हे मशीन बंद ठेवायचं, उतारावर पुन्हा माळरान होऊ द्यायचं आणि झाडं फक्त कुंपणाच्या कडेने व ओघळीच्या काठाने लावायची, असा ठराव नगरपरिषदेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने केला आहे. त्यासाठी माणसं हवीत, बियाणं हवं, थोडे पैसेही हवेत. शिवाय पावसाळा संपेपर्यंत 'गवत किती माजलंय' अशी तक्रार कुणी करू नये, हीसुद्धा आमच्या लेखी मदतच.

सगळ्या उतारावर झाडंच का लावत नाही, असं बैठकीत अनेकांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. १ जुलै २०१६ रोजी राज्यात एका दिवसात २ कोटी रोपं लावण्याची मोहीम झाली, पुढे ५० कोटींचं उद्दिष्ट ठरलं. तेव्हापासून मोकळी जमीन दिसली की आपण खड्डे किती बसतील हेच मोजतो. पण कमी पावसाच्या पठारावर, वीतभर मातीखाली मुरूम लागणाऱ्या जमिनीवर गवत हेच मूळचं रहिवासी आहे. पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांना दिवसभर ऊन लागतं. दाट सावली पडली की ती हटतात. माळटिटवी आणि चंडोल उघड्या जमिनीवर अंडी घालतात. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे भोवते हे शिकारी पक्षी नाकतोडे टिपत गवतावरून कमी उंचीने उडतात. त्यांना गच्च झाडीचा उपयोग नाही. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं, तरी आज देशातले बहुतेक माळढोक जैसलमेरच्या भागातच उरले आहेत. आपल्या साडेतीन एकरांत माळढोक येणार नाही, तसं स्वप्न आम्ही कुणाला दाखवतही नाही. चंडोल येतील, लावे येतील, फुलपाखरं वाढतील. कारण कित्येक फुलपाखरांच्या अळ्या गवतच खातात.

आता कापणीबद्दल. गवताची वाढ बुडापासून होते, म्हणून ते कापलं तरी फुटतं. पण दर वेळी बी धरण्याआधीच कापलं, की वर्षानुवर्षं टिकणारे ठोंब दमतात आणि त्यांच्यामागे नवी पिढी उरत नाही. मग जमिनीला चिकटून पसरणारी हरळी राहते, आणि मोकळ्या जागी घुसतं गाजर गवत. हे अमेरिका खंडातलं तण भारतात ठळकपणे नोंदलं गेलं ते १९५०च्या दशकात, पुण्यात. आता ते कुठे नाही ते सांगणं अवघड. त्यामुळे माळ सोडून देणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. जुलै-ऑगस्टमध्ये गाजर गवत फुलोऱ्यावर येण्याआधी मुळासकट उपटावं लागेल, तेही हातमोजे घालून, कारण त्याने अंगाला खाज सुटते आणि दम्याच्या माणसांना त्रास होतो. ज्यांना दमा आहे त्यांनी या कामाला येऊ नये. त्यांच्यासाठी दुसरी कामं आहेत.

पहिलं वर्ष दिसायला वाईटच जाईल. तरोटा माजेल, मधेच टक्कल पडल्यासारखी जागा राहील, आणि येणारा-जाणारा म्हणेल की समिती झोपली आहे. चांगल्या गवताला जम बसवायला दोन-तीन पावसाळे लागतात. वर्षातून एकदाच, बी झडून गेल्यावर, साधारण नोव्हेंबरात विळ्याने कापणी करू. कापलेलं गवत जागेवर ठेवायचं नाही, नाहीतर त्याच्या थराखाली नवे कोंब गुदमरतात. ज्यांच्याकडे जनावरं आहेत त्यांनी कापावं आणि न्यावं, मोबदला काही नाही. गाजर गवत मात्र त्यात येऊ देऊ नका. चराई सध्या बंद राहील.

सापांचं काय? साप असतील. आजही आहेत, फक्त कुणी फार बोलत नाही. घोणस गवतात दडून बसते आणि चटकन हलत नाही, म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंची आणि घरांना लागून असलेली पट्टी कायम बुटकी ठेवली जाईल. तिथे कटर फिरेलच. संध्याकाळनंतर वाट सोडून आत शिरू नये, हातात बॅटरी असावी. उंदीर आले की साप येतात, आणि उंदीर येतात ते आपण भिंतीपलीकडे टाकलेल्या उष्ट्या-खरकट्यावर. तो कचरा बंद झाला तर निम्मी काळजी मिटेल. डिसेंबरपासून गवत वाळतं तेव्हा चारही बाजूंनी जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवताविना मोकळी पट्टी, काढू. विडी-सिगारेट माळावर नको, आणि सुक्या कचऱ्याच्या होळ्या तर मुळीच नकोत.

झाडांसाठी खड्डे आताच, उन्हाळ्यात खणायचे आहेत, म्हणजे माती तापून भुसभुशीत होईल. कडेला कडुनिंब, हिवर, बोर, खैर आणि आपटा. ओघळीच्या काठाला पळस. पळसाचं मूळ सरळ खोल जातं, पिशवीत ते वळतं, म्हणून त्याचं बी थेट जमिनीत टोचू. गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी, कोनोकार्पस यांची रोपं कृपया आणू नका. आणलीत तर परत न्यावी लागतील आणि दोघांनाही वाईट वाटेल. वाढदिवसाचं किंवा स्मृतीचं झाड जरूर द्या, पण नावाची पाटी लागणार नाही. दिलेल्या झाडाला पहिले दोन उन्हाळे आळ्यात पाणी घालायची जबाबदारी घेतलीत तर पाटीपेक्षा ते झाडाच्या जास्त कामी येईल.

बियाण्यासाठी एक खास विनंती पशुपालकांना. गवताच्या गंजीच्या तळाशी जो चुरा साठतो त्यात मारवेल-पवन्याचं भरपूर बी असतं. तो फेकू नका, पोत्यात भरून ठेवा. गवताच्या ताज्या बियांपेक्षा काही महिने विसावलेलं बी अनेकदा चांगलं उगवतं, त्यामुळे गेल्या हंगामाचा चुरा उत्तम. मृगाच्या आधी तो मातीत कालवून फेकू. कुसळीचं बी मात्र वेगळं भरावं लागेल. ते कपड्यात घुसतं हा आपला जुना अनुभव आहे. ओल लागली की त्याच्या शेपटीचा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि असं करत बी स्वतःच जमिनीत शिरतं. ते फक्त पसरून द्यायचं.

पैसा लागणार आहे तो मुख्यतः खणाईची आणि गाजर गवत उपटण्याची मजुरी, रोपांभोवतीचं काटेरी कुंपण, आणि उन्हाळ्यातले पाण्याचे टँकर यांसाठी. रक्कम कितीही चालेल. जैवविविधता कायदा, २००२ नुसार असलेल्या स्थानिक जैवविविधता निधीत ती जमा होईल; रोख कुणा सदस्याच्या हातात देऊ नये, नगरपरिषदेच्या कार्यालयात भरून पावती घ्यावी. जमाखर्च दर तीन महिन्यांनी कार्यालयाच्या फलकावर लावला जाईल.

श्रमदान मे महिन्यातल्या प्रत्येक रविवारी सकाळी ६ ते ९. टाकीच्या फाटकाशी जमायचं. कुदळ, फावडं, घमेलं असेल तर घेऊन या, टोपी आणि पाणी आपापलं आणा. बियांची पोती कोरड्या जागी ठेवण्यासाठी टाकीशेजारची खोली सकाळच्या त्याच वेळेत उघडी असेल.

आपली,
जैवविविधता व्यवस्थापन समिती