शांत पडलेल्या रुग्णाकडेही पाहा

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना संभ्रमित रुग्णांची शुश्रूषा शिकवण्याविषयीचा आपल्या अंकातील लेख वाचला. मुद्दा पटला, पण त्यात सारा भर आरडाओरडा करणाऱ्या, सलाइन उपटणाऱ्या रुग्णांवरच आहे. अचानक उद्भवणाऱ्या संभ्रमाचा, म्हणजे डेलिरियमचा, दुसरा प्रकार अगदी गुपचूप असतो. रुग्ण मलूल पडून राहतो, उत्तरे तुटक देतो आणि ‘वय झालंय’ म्हणून दुर्लक्षित राहतो. त्यातच चष्मा, श्रवणयंत्र पिशवीत गेले की गोंधळ आणखी वाढतो. ‘आजी कालपर्यंत अशाच होत्या का?’ हे नातेवाइकांना विचारणे प्रत्येक पाळीत व्हायला हवे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशिकमध्येच आहे; त्याने प्रात्यक्षिक परीक्षेत यासाठी स्वतंत्र गुण ठेवावेत.

— एक निवृत्त परिचारिका, नाशिक