पोटाच्या तक्रारीआडचे नैराश्य

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नैराश्य आणि आतड्यांचे आरोग्य यांच्या संबंधावर अलीकडे बरेच छापून येते. परंतु त्यातून ‘रोज दही खा, मन प्रसन्न राहील’ एवढेच घरोघरी पोहोचत असल्याने हे पत्र लिहीत आहे.

निवृत्तीनंतर माझ्या यजमानांना दीड वर्ष गॅस, बद्धकोष्ठता आणि मंदावलेली भूक यांनी छळले. सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली, अहवाल निर्दोष आले आणि प्रत्येक खेपेस पित्ताच्या गोळ्या तेवढ्या वाढल्या. रोज पर्वती चढणारा माणूस घराबाहेर का पडत नाही, पहाटे तीनला उठून का बसतो, हे कोणी विचारले नाही. आणि दुखणे पोटाचेच आहे असे धरून चालल्यामुळे मीही ते सांगितले नाही, याची खंत मला आजही आहे. अखेर कोथरूडमधील आमच्या फॅमिली डॉक्टरांनी झोपेची चौकशी केली आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. औषधांच्या पहिल्या दोन आठवड्यांत मळमळ वाढली, पण पुढे मनाबरोबर पोटही सावरले.

आतडे आणि मेंदू यांना जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूतील सुमारे 80 टक्के तंतू पोटाकडून मेंदूकडे संदेश नेतात. मनःस्थितीशी जोडले जाणारे सेरोटोनिन हे रसायन सुमारे 90 टक्के आतड्यांत तयार होते हे जाहिराती सांगतात. ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, हे मात्र सांगत नाहीत. ऑस्ट्रेलियात 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 12 आठवडे डाळी, भाज्या, फळे व अख्खी धान्ये यांवर भर देणाऱ्या गटातील 32 टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले, तर नुसती सोबत व गप्पा लाभलेल्या गटात हे प्रमाण 8 टक्के होते. परंतु रुग्ण अवघे 67 होते आणि त्यांपैकी बहुतेकांचे नेहमीचे उपचार चालूच होते. त्यामुळे ज्वारीची भाकरी, उसळ आणि ताक ताटात जरूर असावे. त्यांच्या भरवशावर गोळ्या मनाने बंद करू नयेत.

महापालिकेच्या दवाखान्यांत महिनोन्‌महिने पोटाची तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णाला, गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होते का आणि कशातच रस वाटेनासा झाला आहे का, हे दोन प्रश्न विचारले जावेत, आणि केसपेपर लिहिणाऱ्या खिडकीपाशी ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक मराठीत ठळक लावावा, अशी माझी आरोग्य विभागाला विनंती आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड, पुणे