बाबा, पेटी खाली काढा ना

ती. बाबा आणि आई, साष्टांग नमस्कार.

काल व्हिडिओ कॉलवर मागे कपाटावर पेटी दिसली, तिच्यावर चादरींच्या घड्या रचलेल्या, आई म्हणाली आता कोण वाजवतंय आणि बाबा, तुम्ही तोंड फिरवलंत. रात्रभर तेच डोक्यात होतं. फोनवर मला रडू येतं म्हणून लिहितेय.

मी इथे कोपनहेगनला ज्याच्या रेकॉर्ड ऐकते ना, होरेस पार्लन, त्याची गोष्ट तुम्हाला कधी सांगितलीच नाही. १९३१ चा जन्म, अमेरिकेत पिट्सबर्गचा. पाचव्या वर्षी पोलिओ झाला आणि उजवा हात अर्धा लुळा पडला. बोटांना व्यायाम म्हणून पियानो शिकला, आणि पुढे तो न्यूयॉर्कला चार्ल्स मिंगस या मोठ्या जॅझवाल्याच्या बँडमध्ये होता बाबा, १९५९ चा 'मिंगस आ अम' हा जॅझमधला गाजलेला अल्बम, त्यात पियानोवर हाच! डाव्या हातावर सगळी भिस्त, उजव्याची जी दोन-तीन बोटं चालायची ती मधेच अशी जोरात ठोकायचा की अंगावर काटा येतो. दुसऱ्या कुणासारखं वाजवणं जमणारच नव्हतं, म्हणून त्याचं वाजवणं चार सुरांत ओळखू येतं. मला तर तो भल्याभल्यांपेक्षा जास्त आवडतो.

७० च्या दशकात तो इकडे डेन्मार्कला आला तो कायमचाच, २०१७ मध्ये गेला तोही इथेच. १९७७ ला आर्ची शेप या सॅक्सोफोनवाल्याबरोबर त्याने एक रेकॉर्ड केली, दोघंच, गुलामीच्या काळातली काळ्या लोकांची भक्तिगीतं. ती ऐकताना मला आपल्याकडची एकादशीची भजनं आठवतात, तुम्ही पेटीवर, आणि बुवा तान घेताना तुमच्याकडे बघायचे ते.

बाबा, झटका उजव्या हाताला आलाय, डावा धड आहे. आयुष्यभर त्याने फक्त भाता मारला, आता त्याला पट्ट्यांवर ठेवून बघा. पेटी जरा फिरवून ठेवली की भाता आई मारेल, तिला लय तुमच्याहून पक्की आहे हे तुम्हीच म्हणायचात. आधी नुसता सा धरा, रोज दहा मिनिटं. अभंग वाजलाच पाहिजे असं काही नाही.

आई, चादरी आजच काढ आणि पेटी दोन दिवस कोरड्या, हवेशीर जागी उघडी ठेव, पावसाळ्यात पट्ट्या चिकटल्या असतील. रविवारी मी फोन करते तेव्हा पेटी खाली दिसू दे.

तुमची,
छकुली