मंजूर भार वाढला, वायर तीच राहिली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा तोंडावर आला की घरात दुसरा एसी येतो आणि मंजूर भार वाढवण्याचा अर्ज जातो. बिलावर ३ किलोवॅटचे ५ झाले की लोक निर्धास्त होतात. पण बिलावरचा आकडा म्हणजे वीज कंपनीशी झालेला करार. त्याने वायर जाड होत नाही. सर्व्हिस वायर (वीज कंपनीची मीटरपर्यंतची वायर), कटआउट (पोर्सेलिनचा फ्यूज), मीटर, मीटरपासून घरापर्यंतची वायर आणि मेन एमसीबी (जादा भाराने आपोआप पडणारा स्विच) यांत जो भाग सर्वांत कमी अँपिअरचा, तेवढीच त्या घराची क्षमता.

मीटरवर ५-३० किंवा १०-६० असे छापलेले असते. त्यातला दुसरा आकडा कमाल अँपिअरचा. ३० ला २३० व्होल्टने गुणले की ६९०० वॅट, म्हणजे जेमतेम ७ किलोवॅट. इथवर सहसा घोळ होत नाही.

घोळ होतो तो तळमजल्यावरच्या मीटर रूमपासून वर फ्लॅटपर्यंत गेलेल्या वायरीत. मीटरच्या पुढची ही वायर ग्राहकाची, त्यामुळे भार वाढला तरी ती कोणी बदलत नाही. जुन्या इमारतींत ती सात-बावीस किंवा सात-वीस असते. सात-बावीस म्हणजे २२ गेजच्या सात तारा, पावणेतीन चौरस मिलिमीटर; सात-वीस म्हणजे २० गेजच्या सात तारा, साडेचार. पाइपातून गेलेल्या ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीला साधारण २५ अँपिअर झेपतात, ६ ला ३०, १० ला ४०. एकाच पाइपात चार फ्लॅटच्या वायरी कोंबल्या असतील किंवा वायर ॲल्युमिनियमची असेल, तर त्याहून बरेच कमी. मीटर रूम २५ मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन ५० मीटर वायर होते. ४ चौरस मिलिमीटरला तिचा रोध पाव ओहम भरतो. २५ अँपिअरला सहा व्होल्ट वाटेतच जातात आणि दीडशे वॅट भिंतीतल्या पाइपात उष्णता होऊन राहतात.

एमसीबी सारखा पडतो म्हणून २५ चा काढून ३२ चा बसवणे हा सर्रास चालणारा आणि सर्वांत धोक्याचा उपाय. एमसीबी छापील आकड्याला लगेच पडत नाही. ३२ चा एमसीबी ३६ अँपिअरवर तासभर पडणार नाही, ४६ वर तासाभरात पडेल, अशीच त्याची रचना असते. मागे वायर २५ अँपिअरची असेल तर ती तोवर भाजत राहते. बोर्डावरच्या ‘६३’ अँपिअरच्या आयसोलेटरला (हाताने बंद करायचा मेन स्विच) आणि ‘४०’ च्या आरसीसीबीला (वीजगळती झाली की पडणारा स्विच) तर घराची क्षमता समजूच नये. जादा भाराने हे दोन्ही पडत नाहीत. शिवाय एमसीबीचे मोजमाप ३० अंश तापमानाला धरलेले असते. विदर्भात ४५ अंशांत, पश्चिमेच्या भिंतीवरच्या पेटीत तो लवकर पडणारच. तिथे पेटीची जागा बदलावी, एमसीबी नव्हे.

घर खरोखर किती वीज ओढते हे मीटरच्या लाल दिव्यावरून कळते. मीटरवर ‘३२००’ पल्स प्रति युनिट लिहिले असेल तर नेहमीची उपकरणे एकदम चालू करून ३६ सेकंदांत दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजावे आणि ३२ ने भागावे. ९६ वेळा लुकलुकला तर ३ किलोवॅट. डिस्प्लेवरचा ‘एमडी’ (मॅक्सिमम डिमांड, म्हणजे कमाल मागणी) पंधरा मिनिटांची किंवा अर्ध्या तासाची सरासरी दाखवतो, क्षणिक उसळी त्यात दिसत नाही. दोन एसी, गीझर, इंडक्शन आणि इस्त्री यांची कागदावरची बेरीज ८ किलोवॅटवर जाते, पण प्रत्यक्षात ती सगळी एकदम क्वचितच चालतात. इलेक्ट्रिक गाडीच्या ७.४ किलोवॅटच्या चार्जरला मात्र ही सवलत देता येत नाही. तो ३२ अँपिअर तासन् तास ओढतो.

राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमांनुसार सिंगल फेज पुरवठा ४० अँपिअरपर्यंतच असतो, त्यापुढे थ्री फेज घ्यावे लागते. ते घेऊनही तिन्ही एसी एकाच फेजवर ठेवले तर उपयोग शून्य. न्यूट्रलचा सांधा सैल असेल तर ज्या फेजवर भार कमी, तिथले व्होल्टेज २३० च्या बरेच वर चढते आणि फ्रिज, टीव्ही जळतात.

भारवाढीच्या अर्जाला परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. बहुतेक वेळा त्यावर घरात बसूनच सही होते. सहीआधी त्याला मीटर रूममध्ये नेऊन आपल्या वायरीवर छापलेला चौरस मिलिमीटरचा आकडा वाचायला लावावा. आकडा पुसला असेल तर पुरवठा बंद करून टोक सोलावे, तारा मोजाव्यात आणि एका तारेची जाडी व्हर्नियरने घ्यावी. तेवढ्यात कटआउटमधल्या पोर्सेलिनवर काळे डाग दिसले तर आधी तो सांधा नीट करावा, एसी नंतर.

आपला,
एक परवानाधारक विद्युत कंत्राटदार, अकोला