एनिग्मा आधी फुटले ते वॉर्सात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला दुसऱ्या महायुद्धातील गुप्तसंदेशांवरचा लेख वाचला. लेख छान उतरला आहे. ब्रिटिश गणिती ॲलन ट्यूरिंग यांच्या वाट्याला त्यांच्याच सरकारकडून जे आले (समलैंगिक म्हणून खटला आणि शिक्षा), तेही लेखकाने हातचे न राखता लिहिले आहे. पण ‘जर्मनांचे एनिग्मा यंत्र ट्यूरिंग यांनी सर्वप्रथम फोडले’ हे त्यातले वाक्य चूक आहे. (एनिग्मा म्हणजे संदेश गुप्तलिपीत बदलणारे यंत्र, आणि ते फोडणे म्हणजे त्याचे संदेश वाचण्याची रीत शोधणे.) स्पर्धा परीक्षांच्या गाइडांतही अशी वाक्ये असतात आणि मुले ती पाठ करतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

जर्मन लष्कराचे एनिग्मा सर्वप्रथम फुटले ते डिसेंबर १९३२ मध्ये, पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात. फोडणारे होते मारियान रेयेव्स्की, वय वर्षे सत्तावीस, गणिताचे पदवीधर. ट्यूरिंग तेव्हा केंब्रिजला पदवीच्या वर्गात शिकत होते. युद्धकाळात ट्यूरिंग आणि इतर ब्रिटिश संकेतभेदक जिथे काम करत, ती ब्लेचली पार्क ही जागा तर ब्रिटिश गुप्तहेर खात्याने घेतली १९३८ मध्ये.

रेयेव्स्की यांचा जन्म १९०५ चा, बिदगोश्च गावचा. हे गाव तेव्हा प्रशियाच्या ताब्यात होते, त्यामुळे जर्मन भाषा त्यांना लहानपणापासून येत होती. पुढे पोझनान विद्यापीठात गणित शिकत असताना, १९२९ मध्ये, पोलिश लष्कराच्या सायफर (गुप्तलिपी) विभागाने तिथल्या निवडक विद्यार्थ्यांसाठी एक गुप्त वर्ग चालवला. पोझनानच निवडले, कारण तिथल्या मुलांना जर्मन चांगले येई. तोवर संकेत फोडणे हे भाषापंडितांचे आणि शब्दकोडी सोडवणाऱ्यांचे काम समजले जाई. यंत्राने केलेले कूट सोडवायचे तर गणिती हवेत, हे पोलंडच्या लष्करी अधिकाऱ्यांना इतरांच्या कितीतरी आधी कळले. मला विचाराल तर या साऱ्या कथेतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच. गंमत म्हणजे रेयेव्स्की यांचा स्वतःचा बेत विमा कंपनीत गणिती होण्याचा होता, आणि त्यासाठी ते गॉटिंगेनला जाऊनही आले होते. पण शेवटी १ सप्टेंबर १९३२ ला ते वॉर्सातल्या सायफर विभागात दाखल झाले. सोबत पोझनानचेच दोघे होते, हेन्रिक झिगाल्स्की आणि येझी रुझित्स्की. एनिग्माचे काम मात्र आधी एकट्या रेयेव्स्कींकडे दिले गेले, वेगळ्या खोलीत, आणि या दोघांनाही सांगायचे नाही या अटीवर.

आता त्यांनी केले काय, ते जरा सविस्तर लिहिते. मी आयुष्यभर अकरावी-बारावीला गणित शिकवले, तेव्हा एवढी सवलत द्यावी.

एनिग्मात २६ अक्षरांचा कळफलक, वर २६ दिवे आणि मध्ये फिरणाऱ्या तीन चकत्या. कळ दाबली की चकती एक घर पुढे सरकते आणि भलतेच अक्षर उजळते. लष्करी यंत्राला पुढच्या बाजूला आणखी एक फळी असे, तिच्यात तारा खोचून अक्षरांच्या जोड्यांची अदलाबदल करता येई. यंत्राची मांडणी रोज बदलायची. शिवाय प्रत्येक संदेशासाठी ऑपरेटरने आपल्या मनाने तीन अक्षरे निवडायची आणि ती संदेशाच्या आरंभी कूटात पाठवायची. रेडिओवर ऐकताना गडबड होऊ नये म्हणून ही तीन अक्षरे लागोपाठ दोनदा टंकायची, असा नियम होता. या काळजीपोटीच जर्मनांचा घात झाला.

कारण त्यामुळे प्रत्येक संदेशाचे पहिले आणि चौथे अक्षर हे एकाच मूळ अक्षराचे दोन अवतार ठरतात. मूळ अक्षर कोणते ते ठाऊक नाही, पण नाते तर पक्के आहे. रेयेव्स्कींनी स्वतःच्या लेखात दिलेलेच उदाहरण घ्या. एका संदेशात पहिले अक्षर ‘डी’ आणि चौथे ‘व्ही’. दुसऱ्यात पहिले ‘व्ही’ आणि चौथे ‘पी’. तिसऱ्यात पहिले ‘पी’, चौथे ‘एफ’. डी-व्ही-पी-एफ अशी साखळी तयार होत जाते आणि अखेर पुन्हा ‘डी’वर येऊन मिटते. एका दिवसाचे साठ-सत्तर-ऐंशी संदेश हाती असले की सगळी २६ अक्षरे अशा साखळ्यांत बसतात. त्यांच्या उदाहरणात दहा-दहा अक्षरांच्या दोन, दोन-दोन अक्षरांच्या दोन आणि एकेका अक्षराच्या दोन साखळ्या निघाल्या. सारखी लांबी नेहमी जोडीनेच येते, आणि तसे का होते, हे त्यांनी सिद्ध केले. आम्ही वर्गात ज्याला पर्म्युटेशन (क्रमबदल) म्हणतो त्याचाच हा प्रताप.

खरी मेख पुढे आहे. फळीवरच्या तारांमुळे मांडण्यांची संख्या अफाट वाढत होती आणि जर्मनांचा सारा भरवसा तिच्यावर होता. पण त्या तारा फक्त साखळीतल्या अक्षरांची नावे बदलतात, साखळ्यांची लांबी नाही. रिंगण धरून उभ्या असलेल्या मुलांनी आपापसांत टोप्या बदलल्या म्हणून रिंगणातली मुले काही कमी-जास्त होत नाहीत, तसेच हे. एवढ्या एका निरीक्षणाने फळीचा प्रश्न बाजूला पडला आणि चकत्यांचा तेवढा उरला.

चकत्यांच्या आतली जोडणी शोधण्यासाठी त्यांनी समीकरणे मांडली, पण अज्ञात पदे फार होती. तिथे फ्रेंचांची मदत झाली. हान्स-थिलो श्मिट नावाचा जर्मन सायफर कचेरीतला एक माणूस पैशासाठी कागद विकत होता. फ्रेंच गुप्तवार्ता खात्यातल्या ग्युस्ताव बर्त्राँ यांनी ते पोलंडला दिले. त्यात सप्टेंबर आणि ऑक्टोबर १९३२ च्या रोजच्या मांडण्या होत्या. हे कागद निर्णायक ठरले, असे रेयेव्स्की स्वतः लिहून गेले आहेत. तरीही उत्तर येईना. बाजारात मिळणाऱ्या एनिग्मात कळांच्या तारा आत शिरताना कळफलकाच्या क्रमाने जोडलेल्या असत, लष्करी यंत्रातही तेच असणार असे गृहीत धरलेले. मग त्यांच्या मनात आले की जर्मन माणूस शिस्तीचा, त्याने सरळ वर्णमालेच्या क्रमानेच तारा जोडल्या असल्या तर? करून पाहिले, आणि जोडणी सुटली. यंत्र डोळ्यांनी न पाहता त्याच्या आतल्या तारा कागदावर उतरल्या.

पुढची सहा वर्षे पोलंड जर्मन लष्कराचे संदेश वाचत होता. साखळ्यांच्या लांबीवरून रोजची मांडणी काढण्यासाठी रेयेव्स्की आणि आता कामात घेतलेले झिगाल्स्की, रुझित्स्की या तिघांनी १,०५,४५६ नोंदींचा कार्डसंग्रह तयार केला. त्याला वर्षावर वेळ लागला. तो पुरा झाल्यावर दिवसाची मांडणी दहा-वीस मिनिटांत सापडू लागली. नोव्हेंबर १९३७ मध्ये जर्मनांनी यंत्रातला एक भाग बदलला आणि सगळी कार्डे रद्दीत गेली, ती पुन्हा केली. १९३८ मध्ये पद्धत बदलली, तेव्हा मांडणी शोधणारे ‘बॉम्बा’ नावाचे यंत्र बनवले आणि झिगाल्स्कींनी भोके पाडलेल्या कागदांची युक्ती काढली. त्याच डिसेंबरात जर्मनांनी चकत्या तीनाच्या पाच केल्या आणि काम एकदम दहापट झाले. तेवढी साधने आणि पैसा पोलंडकडे नव्हता. म्हणून २५ आणि २६ जुलै १९३९ रोजी वॉर्साजवळच्या पिरी इथल्या जंगलात ब्रिटिश आणि फ्रेंच तज्ज्ञांना बोलावून सगळे त्यांच्यापुढे ठेवले, शिवाय दोघांनाही पोलंडमध्ये बनवलेले एकेक नकली एनिग्मा देऊ केले. ब्रिटिशांचे संकेततज्ज्ञ डिली नॉक्स कळांच्या तारांपाशीच अडले होते. उत्तर ‘ए, बी, सी’ आहे हे ऐकून ते आधी चिडले. मग निवळले, आणि मायदेशी परतल्यावर तिघांनाही रेशमी रुमाल भेट पाठवले. पाच आठवड्यांनी युद्ध सुरू झाले.

ट्यूरिंग यांचे श्रेय कमी करावे असे माझे म्हणणे मुळीच नाही. पोलिश पद्धत दोनदा टंकलेल्या तीन अक्षरांवर उभी होती, आणि मे १९४० मध्ये जर्मनांनी तो नियम जवळजवळ सगळीकडे बंद केला. ट्यूरिंग यांचे यंत्र संदेशातल्या अंदाजाने ओळखलेल्या शब्दांवर चाले, म्हणून ते त्यानंतरही उपयोगी पडले. नौदलाच्या एनिग्माचे काम तर त्यांचेच. पण जानेवारी १९४० मध्ये ट्यूरिंग स्वतः पॅरिसजवळ जाऊन या पोलिश मंडळींना भेटून आले होते.

रेयेव्स्कींचे पुढे काय झाले, ते मला अधिक बोचते. पोलंड पडल्यावर ते रुमानियामार्गे फ्रान्सला गेले. बुखारेस्टच्या ब्रिटिश दूतावासाने ‘काही दिवसांनी या’ म्हणून परत पाठवले, फ्रेंचांनी घेतले. रुझित्स्की जानेवारी १९४२ मध्ये भूमध्य समुद्रात जहाज बुडून गेले. १९४३ च्या जानेवारीत रेयेव्स्की आणि झिगाल्स्की पिरेनीज पर्वत ओलांडत असताना वाटाड्यानेच पिस्तूल रोखून त्यांना लुबाडले, वर स्पेनमध्ये तुरुंगवास. त्यांचे वरिष्ठ लांगेर आणि चेंश्की जर्मनांच्या हाती लागले. युद्धापूर्वी थोडेफार जमले होते, नंतरच्या बदलांपुढे आम्ही हरलो, असे सांगून त्यांनी चौकशी करणाऱ्यांना चकवले. यांच्यापैकी एकजण खरे बोलला असता तर ब्लेचलीचे काय झाले असते, कोण जाणे.

ऑगस्ट १९४३ मध्ये रेयेव्स्की इंग्लंडला पोचले. त्याच वर्षी आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली. सैबेरियातून सुटलेली, बहुतांशी बायकामुले, पाचेक हजार माणसे तिथे १९४८ पर्यंत राहिली. पुढे तिथेच सिंधी निर्वासितांचे गांधीनगर वसले. इकडच्या जुन्या माणसांना पोलंड ठाऊक आहे ते त्या कॅम्पमुळे. तिकडे इंग्लंडात मात्र एनिग्मा फोडणाऱ्या माणसाला साधा शिपाई म्हणून भरती केले आणि लंडनबाहेर हाताने केलेली जर्मन कूटे सोडवायला बसवले. ब्लेचलीचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही. तिथे त्यांच्याच कामावर इमारत उभी राहिली आहे, हे त्यांना कोणी सांगितलेही नाही.

१९४६ मध्ये ते बायको आणि दोन मुलांकडे परतले. पुढच्याच वर्षी अकरा वर्षांचा मुलगा पोलिओने गेला. विद्यापीठात शिकवण्याऐवजी त्यांनी बिदगोश्चमध्ये कारखान्यांतून आणि हिशेबखात्यांतून नोकऱ्या केल्या. साम्यवादी सरकारच्या हेरांनी कित्येक वर्षे पाळत ठेवली, तरी हा माणूस कोण हे त्यांना कळले नाही. १९७३ मध्ये बर्त्राँ यांनी फ्रान्समध्ये तोंड उघडले, तेव्हा कुठे जगाला पत्ता लागला. वयाच्या सत्तरीत रेयेव्स्कींकडे पोलंडचे स्वातंत्र्यनेते पिलसुद्स्की यांचा १९०४ सालचा गुप्त पत्रव्यवहार आला आणि तोही त्यांनी सोडवून दिला. १३ फेब्रुवारी १९८० रोजी वॉर्सात त्यांचे निधन झाले.

तेव्हा विनंती दोन. पुढच्या अंकात कोपऱ्यात का होईना, दुरुस्ती छापावी. आणि पुरवणीत मुलांसाठी गणिताचे पान असते, त्यात एकदा या साखळ्यांचे उदाहरण द्यावे. पर्म्युटेशन कळलेल्या अकरावीच्या मुलाला ते तासाभरात फळ्यावर समजते, मी समजावलेले आहे. हवे असल्यास दोन पानांत लिहून पाठवीन.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, कोल्हापूर