नऊ तासांचा हिशेब

शहापूर, बेळगाव

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, लंडन आता लांब राहिलेलं नाही, नऊ तासांत मुंबई." ते ऐकल्यापासून मला चैन पडेना, म्हणून काल दुपारी शिवायला घेतलेला ब्लाऊज बाजूला ठेवला, तुझा शाळेतला पृथ्वीगोल माळ्यावरून काढून पुसला आणि शिवणाचा दोरा मुंबईपासून लंडनपर्यंत ताणून धरला. टेपने मोजला तर तो 17 सेंटिमीटर भरला. गोलाचा घेर 94 सेंटिमीटर आणि पृथ्वीचा सुमारे 40,000 किलोमीटर, तेव्हा हे अंतर साधारण 7,200 किलोमीटर होते.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ इराकवरून जाते. गोलावर ताणलेला दोरा मात्र कराची, इराण, जॉर्जिया, युक्रेन, पोलंड असा उत्तरेला चढत जातो, आणि खरी जवळची वाट तीच. पण ती आज सरळ मोकळी नाही. युक्रेनवरचे आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद आहे आणि पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, त्यामुळे वळसा पडतो आणि तासही वाढतात.

तुझ्या बाबांना वाटत असे की पृथ्वी फिरते म्हणून येण्याच्या आणि जाण्याच्या वेळेत फरक पडतो. तसे नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. येताना तो तुझ्या विमानाला पाठीमागून ढकलतो आणि परतताना समोरून अडवतो, म्हणून जायला तासभर जास्त लागतो.

आता माझा हिशेब ऐक. गणपतीला येताना तू शुक्रवारी संध्याकाळी पाचला खोलीतून निघालास, तर त्या दिवसांत लंडन आपल्या साडेचार तास मागे असते, म्हणजे इथे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. तिथल्या नऊच्या विमानाने तू शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मुंबईत उतरशील. तिथून बेळगाव पाचशे किलोमीटर. रात्री आठची बस धरलीस तर रविवारी पहाटे सहाला घरी पोहोचशील. उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत साडेबत्तीस तास झाले, बाळा, आणि तू मला नऊच सांगितलेस.

चार दिवसांच्या रजेत हे बसत नाही. येण्याजाण्यातच तीन दिवस जातील, आणि जो एक दिवस उरेल त्यात तू झोपेला आलेला असशील. मला तू आरतीला जागा हवा आहेस.

मुंबईहून सांबऱ्याला, आपल्या बेळगावच्या विमानतळावर, विमानाने येतो म्हणशील, तर गेल्या पावसाळ्यातले आठव. सांबऱ्याचे विमान चुकले, दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढलेली असल्यामुळे पैसे परत मिळाले नाहीत आणि तू रात्रभर विमानतळावरच्या खुर्चीवर बसून राहिलास. इथे मी दर तासाला दाराशी जाऊन येत होते. या वेळी विमानाने यायचेच असेल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घे आणि मध्ये किमान चार-पाच तास ठेव.

रजा दहा दिवसांची मिळते का ते साहेबांना विचार. ठाण्याच्या मावशीला मी सांगून ठेवले आहे. शनिवारी दुपारी तिच्याकडे अंघोळ करून, जेवून, जरा आडवा हो आणि मग बसला जा. रविवारी पहाटे बाबा स्टँडवर असतील.

तुझी,
आई